कोरी नळी आणि पुन्हाबाई

पुन्हाबाईंबद्दल खिडकीवाल्यांना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर कुणाची फसगत नको. एकोणीस वर्षं दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला, ते खिडकीवर नोंदणीचे कारकून, बाई आत तपासणीला, पण मधे भिंत होती आणि त्या भिंतीत दोन हात रुंद खिडकी. त्या खिडकीतून जेवढी बाई दिसते तेवढीच त्यांनी पाहिली. हातमोजे घातलेले दोन हात, मास्क, आणि मास्कवर जाड भिंगांचा चष्मा. दुपारी त्या मागच्या जिन्याखाली उभ्याउभ्याच डबा खायच्या, तेव्हा मास्क उतरलेला असे. पण जेवणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये, अशी खिडकीवाल्यांना लहानपणापासूनची शिकवण. त्यामुळे बाईंची हनुवटी कशी होती असं कुणी विचारलं, तर त्यांना आजही सांगता यायचं नाही.

त्या राहायच्या कुठं, घरी कोण होतं, कोण गेलं होतं, काही पत्ता नाही. लोकांना मात्र सगळं ठाऊक असायचं. कुणी म्हणे, त्यांचं तान्हं मूल जुलाबानं दगावलं, तेव्हापासून बाई अशा झाल्या. कुणी म्हणे, छे, लग्नच नाही झालं, एवढ्या कजाग बाईला करून घेणार कोण! एकदा साहेबांच्या टायपिस्ट मुलीनं धीर करून तोंडावरच विचारलं, "मॅडम, तुम्ही या कामात एवढा जीव का ओतता? काही घडलं होतं का हो?"

बाई म्हणाल्या, "तू टायपिंग करतेस ते का? तुमच्या घरी कुणाला टाइपरायटर चावला होता का?"

विषय संपला. पुन्हा कुणी काढला नाही.

काम होतं पोटाच्या आजारांच्या तपासणीचं. गावात कुठं उलट्या-जुलाबाची साथ आली की बर्फाच्या पेट्यांतून रोग्यांच्या शौचाच्या नमुन्यांच्या डब्या यायच्या. जगात इतक्या लाजत दुसरी कुठली वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नसेल. आणणारा माणूस नजर छताकडे लावून डबी पुढं करायचा. खिडकीवाले ती अशी घ्यायचे की जणू लग्नाची पत्रिकाच आली आहे. त्यांच्या टेबलाला दोन खिडक्या होत्या, एक रस्त्याच्या बाजूची, दुसरी आत बाईंच्या बाजूची. बाहेरून डबी घ्यायची, बर्फ शाबूत आहे का बघायचं, नाव आणि कागद जुळवायचा, झाकण तपासायचं, नंबराचा स्टिकर लावायचा, वहीत नोंद करायची आणि आत सरकवायची. गळकी डबी असेल तर 'बाद' असा शिक्का, कारण एक गळली की शेजारच्या दहा बिघडल्या.

डबी आत सरकली की पलीकडून आवाज यायचा, "झाकण घट्ट?"

"घट्ट, मॅडम."

दिवसातून तीस वेळा, कधी पन्नास वेळा. एकोणीस वर्षांचा हिशेब कुणी मांडावा!

आत तीन खोल्या होत्या, ओळीनं. पहिली कोरी. तिथं फक्त औषधं मिसळायची, रोग्याची वस्तू आत न्यायचीच नाही. दुसऱ्या खोलीत डब्या उघडायच्या आणि त्यातून विषाणूचा अर्क काढायचा. तिसऱ्यात यंत्र. विषाणू इतका सूक्ष्म की एरवी सापडायचा नाही, म्हणून यंत्र त्याच्या खुणेच्या प्रती काढतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा करत करोडो. मग पडद्यावर रेघ उमटते. रेघ वर चढली तर विषाणू आहे, जमिनीवर लोळत राहिली तर नाही. पण म्हणूनच तिसऱ्या खोलीतली तयार नळी उघडायची नाही, तिथल्या धुळीतसुद्धा त्या प्रती असतात. आणि पाळायचा नियम एकच. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि तिसरीत गेलेला माणूस त्या दिवशी पुन्हा पहिलीत येणार नाही. मग तो कुणी का असेना. बाई म्हणायच्या, "पाणी वरून खाली येतं. वर चढायला लागलं तर समजावं, कुणीतरी पंप लावलाय."

आणि प्रत्येक खेपेत बाईंची एक जास्तीची नळी असायची. तिच्यात रोग्याचं काही नाही, नुसतं शुद्ध पाणी. पण तिला रोग्यासारखंच तिन्ही खोल्यांतून न्यायचं. तिला सगळे कोरी नळी म्हणत. तिची रेघ लोळलीच पाहिजे. ती चढली, तर घाण आपल्याच घरातली. मग ती सगळी खेप कचऱ्यात आणि काम पहिल्यापासून. झाकणांची चौकशी सोडली तर बाईंचं तोंड उघडायचं ते याच एका शब्दासाठी, "पुन्हा." त्यावरून हे नाव पडलं. मागून सगळे पुन्हाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक असावं. त्यांनी कधी दाखवलं नाही.

तर झालं असं. त्या वर्षी मुलांच्या एका वसतिगृहात साथ पसरली. एक्केचाळीस मुलं दोन दिवसांत आडवी झाली. सोमवारी दुपारी सोळा मुलांच्या डब्या आल्या आणि एक सतरावी. कागदावर लिहिलं होतं, 'स्वयंपाकीण'. खाली नाव होतं.

ते नाव खिडकीवाल्यांनी दोनदा वाचलं. ती त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच या भावाला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आजारपणं काढली. नवरा गेल्यावर ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला लागली, तिथंच मागच्या खोलीत राहायची. तिला स्वतःला ना उलटी, ना जुलाब. पण व्यवस्थापकानं तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमच्या हातानंच हे झालंय. रिपोर्ट आला की शनिवारपर्यंत खोली रिकामी करा." रात्री फोनवर ताई एवढंच म्हणाली, "अरे, मी तर हात घासून घासून रेषा पुसल्या रे! आता कुठं जाऊ या वयात?" तिला आपल्याकडे आणायचं, तर खिडकीवाल्यांच्या एका खोलीत आधीच सून, नातवंडं दाटीवाटीनं. आणि ताईचा स्वभाव असा की कलंक लावून घेऊन भावाच्या दारात ती आली नसती. कुठंतरी निघून गेली असती.

सतरा नंबरची डबी हातात घेऊन ते बसून राहिले. झाकण अर्धा वेढा सैल करायचं, बस्. डबी गळणार, 'बाद'चा शिक्का बसणार, दुसरी मागवेपर्यंत चार दिवस जाणार, तोवर कुणास ठाऊक काय होईल. कोण बघतंय? आयुष्यात त्यांनी कुणाचं पेनसुद्धा उचललं नव्हतं. बोटांनी झाकण धरलं, आणि खरं सांगायचं तर, ते थोडं फिरलंसुद्धा.

आतून आवाज आला, "किती वेळ? झाकण घट्ट?"

त्यांनी झाकण करकचून आवळलं. "घट्ट, मॅडम."

आणि डबी आत सरकवली.

त्याच दुपारी व्यवस्थापक स्वतः प्रयोगशाळेत आला. प्रयोगशाळेचे साहेब त्याच्या ओळखीचे. साहेब माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या माणसांना आपलं राज्य दाखवायची भारी हौस. त्यांनी पाहुण्याला आधी तिसऱ्या खोलीत नेलं, यंत्र दाखवलं, जुन्या खेपेतली एक तयार नळी चक्क उघडून नाकापाशी धरली. "बघा, एवढ्याशा थेंबात केवढं भांडार!" मग नवीन कपाट दाखवायला म्हणून दोघं सरळ पहिल्या खोलीत घुसले. तोच कोट, तेच हात. दुसऱ्या खोलीत डब्या उघडत बसलेल्या बाईंची त्यांच्याकडे पाठ होती.

खिडकीवाल्यांनी ते आतल्या खिडकीतून, खोल्यांच्या काचेच्या दारांतून पाहिलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते. नियम त्यांनाही ठाऊक होता. पण साहेबांना 'थांबा' म्हणणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करावं? ते वहीत मान घालून बसले.

मंगळवारी दुपारी खेप निघाली आणि अठराच्या अठरा रेघा वर चढल्या. सोळा मुलांच्या, सतरावी ताईची, आणि अठरावी कोऱ्या नळीची.

खिडकीवाल्यांना हे कळलं ते बाहेरच्या दालनातल्या आवाजांनी. साहेब आणि बाई त्यांच्या टेबलासमोरच उभे होते. व्यवस्थापक खुर्चीत बसला होता, मांडीवर फाइल.

"मुलांच्या बहुतेक रेघा किती लवकर चढल्यात बघा," साहेब म्हणत होते. "त्या तर खऱ्या आहेत ना?"

"असतील."

"मग?"

"रिपोर्टमध्ये 'असतील' लिहायला रकाना नाही, साहेब."

"अहो, एक पाण्याची नळी जराशी चढली म्हणून सगळं फेकायचं?"

"जराशीच चढली आहे. अगदी उशिरा. आणि सतरा नंबरही तेवढ्याच उशिरा चढलाय. दोघी जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी. सतराला आजार आहे असं लिहायचं असेल, तर पाण्यालाही आजार आहे असं लिहा. मग सही करते."

व्यवस्थापक हसला. "मॅडम, रेघोट्यांचं आम्हाला काय कळत नाही. आम्हाला चारच्या आत कागद हवाय. पालक दारात बसलेत."

"पालकांना खरं हवंय. घाई तुम्हाला झालीय."

"सतरा नंबर पॉझिटिव्ह आहे की नाही, तेवढं बोला."

"आणि असली, तरी काय?" बाई त्याच्याकडे वळल्या. "तिनं मुलांना दिलं की मुलांच्या उलट्या पुसताना तिला मिळालं, हे नळी सांगत नाही. नळीला तोंड नसतं. ते तुम्हालाच असतं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी अहवालाचा छापील कागद टेबलावर आपटला. "मी सांगतोय म्हणून सही करा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. त्याला दुसरा अर्थ अजून निघालेला नाही."

"मग तुमच्याच हातून घाण झाली असणार. एवढ्या वर्षांचा तुमचा तोरा, आणि चूक तुमची! तसं लिहू का वर?"

"लिहा की. पण खेप पुन्हा होईल. चूक कुणाची ते नंतर बघू. काल तिसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत कोण आलं होतं?"

"कुणीही नाही," साहेब म्हणाले.

खिडकीवाले वहीत बघत होते. वहीत काही नव्हतं, कोरं पान होतं. त्यांच्या मनात आलं, आत्ता गप्प बसलो तर बाईंवर बालंट येईल, आणि बाई गेल्या की ताईही गेली. आणि मग हेही मनात आलं की ताई नसती, तरीसुद्धा हे खोटंच होतं. ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच बोलले.

"आला होतात, साहेब. सव्वातीनला. हे पाहुणे पण होते. नळी उघडून दाखवलीत, मग कपाट."

इतक्या वर्षांत साहेबांनी त्यांना इतकं लांब बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्हाला कुणी विचारलं?"

"मॅडमनी विचारलं," खिडकीवाले म्हणाले. "'कोण आलं होतं' असं."

बाईंनी मास्कवरून त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे हसले की काय, ते सांगता येत नाही. भिंगं फार जाड होती. त्यांनी छापील कागद उचलला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी रिपोर्ट."

सगळे गेल्यावर खिडकीवाल्यांनी आतली खिडकी ठोठावली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. तो सतरा नंबर... माझी ताई आहे ती. सख्खी."

मग बाई म्हणाल्या, "हे मला कशाला सांगितलंत?"

"लपवणं बरं वाटेना. आणि काल मी... झाकण..."

"झाकण घट्ट होतं. मी बघितलं. आता मला ते विसरायला लागणार. एक काम वाढवून ठेवलंत. रेघ चढली तर मी चढली असंच लिहीन, कळलं ना? तुमची ताई असो नाहीतर माझी."

"कळलं."

"मग रडता कशाला?"

"रडत नाही. ब्लीचचा वास आहे."

"ब्लीच अजून उघडलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

बुधवारी सकाळी त्यांनी पहिली खोली धुवायला काढली. जमीन, टेबलं, भिंती, कपाटाच्या कड्या, सगळं ब्लीचनं. हा नोरो नावाचा विषाणू मोठा निबर, हाताला चोळायच्या दारूला दाद देत नाही. त्याला साबण आणि ब्लीच लागतं. बाईंच्या हातांची कातडी त्यामुळे मगरीसारखी झाली होती, हातमोजे असूनही. उघडलेली औषधं त्यांनी सगळी ओतून दिली आणि नवी काढली. पण धुण्याआधी त्यांनी दाराची मूठ, टेबलाची कड आणि खुंटीवरचा एक कोट ओल्या बोळ्यांनी पुसून घेतला आणि तीन डब्या खिडकीवाल्यांच्या हातात दिल्या.

"नोंद करा."

"रुग्णाचं नाव?"

"साहेबांचा कोट. उजवी बाही."

"वय?"

"नवा दिसतोय."

"लक्षणं?" खिडकीवाल्यांनी पेन थांबवून विचारलं. त्यांना आपल्याच धाडसाचं नवल वाटत होतं.

"मागे फिरणं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी टायपिस्टला बोलावलं. "हे वीस नमुने घे, सतरा माणसांचे आणि तीन बोळ्यांचे. सगळे स्टिकर काढ, तुझ्या मनानं नवे अंक लाव. कुठला अंक कुणाचा ते कागदावर लिही, पाकीट बंद कर, आणि तुझ्या खणात ठेव. मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही. मी ओरडले तरी नाही."

"तुम्ही ओरडलात तर मी सांगीन, मॅडम," टायपिस्ट म्हणाली. "मला भीती वाटते तुमची."

"म्हणून खणाची किल्ली तुझ्याकडे नको. खिडकीवाल्यांकडे पण देऊ नकोस. त्यांचं माणूस आहे यात. तुझ्या आईकडे ठेव."

आणि तिनं खरंच ती किल्ली घरी नेऊन आईकडे दिली. गुरुवारी दुपारी आईला रिक्षानं यावं लागलं.

पाकीट साहेबांसमोर फुटलं. कोरी नळी लोळत होती, जमिनीशी घट्ट. सोळांतली चौदा मुलं वर. दोन खाली. स्वयंपाकीण खाली, अगदी सपाट, शांत झोपलेल्या माणसासारखी. आणि पहिल्या खोलीच्या दाराची मूठ वर, टेबलाची कड वर, कोटाची उजवी बाही तर अशी वर की पडद्याचं टोक गाठलेलं.

साहेबांनी ती रेघ पाहिली. मग टायपिस्टच्या आईला म्हणाले, "तुम्ही चहा घेणार का?" दुसरं त्यांना काय सुचणार!

बाईंनी अहवाल लिहिला. व्यवस्थापक घ्यायला आला तेव्हा त्यात शेवटी एक ओळ जास्तीची होती. 'वसतिगृहाच्या टाकीतील पाण्याचा नमुना दोनदा मागितला. दिला नाही.' एवढीच. शिवी नाही, आरोप नाही.

"ही ओळ काढा," व्यवस्थापक म्हणाला.

"कुठली?"

"ही. पाण्याची."

"खोटी आहे का?"

"तसं नाही, पण पाण्याचा काय संबंध? टाकी माझ्या देखरेखीखाली आहे. स्वतः बघतो मी."

"मग तर संबंध आहेच," बाई म्हणाल्या. "पाणी द्या, ओळ काढते. नाही दिलंत, तर पालकांना विचारू द्या, पाणी नेमकं कुठं मुरतंय ते."

तो तावातावानं गेला. साहेबांनी डोक्याला हात लावला. पण कागदावर सही बाईंची होती, त्याची एक प्रत पालकांकडेही गेली होती, आणि पालकांना वाचता येत होतं. शुक्रवारी सकाळी दोन मोठे कॅन आले. ते पाणी गाळून गाळून बाईंनी त्यातलं सत्त्व काढलं. शनिवारी, ज्या दिवशी ताईनं खोली सोडायची होती त्याच दिवशी, टाकीच्या पाण्याची रेघ चढली. कोरी नळी शेजारी सपाट लोळत होती. पुढं खणलं तेव्हा टाकीकडे जाणारी नळी आणि मैल्याची नळी एकाच चरात, आणि दोन्ही फुटलेल्या. कुणाच्या हाताचा काही दोष नव्हता.

ताईनं बांधलेलं गाठोडं सोडलं. फोनवर म्हणाली, "त्या बाईंच्या पाया पडायचंय मला." खिडकीवाल्यांनी तिला एक दिवस आणलं. ताई खिडकीसमोर उभी राहिली आणि तिनं पदर सावरला. आतून बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या? हात दाखवा."

ताईनं हात पुढं केले. बाईंनी खिडकीतून चष्मा सावरून बघितले, उलटे-पालटे. मग स्वतःचे हातमोजे काढले आणि आपले हात शेजारी धरले. चारही हात सारखेच खरखरीत. "छान धुता," त्या म्हणाल्या, आणि खिडकी लावली. एवढीच भेट. ताई घरी जाताना म्हणाली, "विचित्र बाई आहे रे." आणि वाटभर आपल्या हातांकडे बघत राहिली.

साहेबांनी सूड घेतला नाही असं कसं होईल. महिन्याभरात बाईंची भांडारात बदली झाली. तळघरातली खोली, रिकाम्या डब्या मोजायच्या. कुणी म्हणालं, मॅडम, माफी मागून टाका, साहेब विसरतील. बाई म्हणाल्या, "कशाची? कोट चुकीचा पॉझिटिव्ह आला का? तसं असेल तर पुन्हा करू." त्या मोजायला बसल्या. आणि दर सोमवारी साहेबांच्या टेबलावर त्यांची चिठ्ठी जायची. अमुक डब्यांची झाकणं सैल, परत पाठवत आहे. तमुक डब्यांची झाकणं सैल, परत पाठवत आहे. आठ महिने. इकडे वर नवीन माणसांच्या हातात कोरी नळी दर दुसऱ्या खेपेला चढायला लागली, आणि त्यांना 'पुन्हा' म्हणायची हिंमत नव्हती, ती बाईंनाच होती. शेवटी साहेबच तळघरात उतरले. काय बोलणं झालं कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी बाई खिडकीपलीकडे होत्या. पहिल्या खोलीच्या दारावर त्यांनी काळ्या शाईनं लिहून लावलं, 'मागे फिरू नये. कुणीही.' 'कुणीही' खाली दोन रेघा. साहेबांनी तो कागद कधी काढला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

त्यानंतर सहा वर्षं तसंच चाललं. खिडकीवाल्यांना कैक वेळा वाटलं, बाईंना विचारावं, घरी कोण आहे, एकदा जेवायला या. ताईसुद्धा म्हणायची, बोलाव रे त्यांना. पण खिडकीतून हे कसं विचारायचं? डबी सरकवायची, झाकण घट्ट म्हणायचं, नंबर सांगायचा. या सगळ्यात जेवायचं आमंत्रण कुठं बसवायचं, ते त्यांना कधी जमलं नाही. आता वाटतं, नंबर सांगता सांगताच बोलून टाकायला हवं होतं.

शेवटचं बोलणं झालं तो शुक्रवार होता. उन्हं कडक पडली होती. सोमवारी बर्फ आला, जास्तीचा, सांगितल्याप्रमाणे. बाई आल्या नाहीत. शेजारणीनं फोन करून कळवलं, झोपेतच गेल्या म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतं, की होतं आणि त्या वेळी बाहेर गेलं होतं, ते शेजारणीच्या बोलण्यातून नीट समजलं नाही, आणि खिडकीवाल्यांनी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी निघताना बाई आतून म्हणाल्या होत्या, "सोमवारी बर्फ जास्त मागवा. उष्मा वाढलाय."

"मागवतो, मॅडम."

"आणि आजच्या डब्यांची झाकणं?"

"घट्ट आहेत."

"पुन्हा बघा."

खिडकीवाल्यांनी एकेक डबी उचलून बघितली. बाई तोवर पिशवी खांद्याला लावून थांबल्या होत्या.

"बघितली, मॅडम. घट्ट आहेत."

"बरं. येते मग."